घर विकलं तो सीताफळांचा हंगाम

सासवडच्या अलीकडं एका चिंचेखाली गाडी लावून आम्ही सकाळचा चहा घेत होतो. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई थेट गाडीच्या पायरीपाशी आली, पाटी उतरवली आणि वरचा पाला बाजूला सारला. सीताफळं. या वर्षाची पहिली. मी एक उचलून नाकाशी नेलं, तशी ती हसली.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"संभाजीनगरच्या."

"आन मुक्काम?"

मी मागं गाडीकडं बोट दाखवलं. तिनं पायरीवर एक पाय ठेवून आत डोकावलं. छोटा ओटा, दोन शेगड्या, पलंग, खिडकीतली तुळस, दोरीवर वाळणारा माझा टॉवेल.

"हितंच ऱ्हाता? कायमचं?"

"चार वर्षं झाली."

"बाई गं!" ती म्हणाली, आणि मी घेतलेल्या फळांवर आणखी दोन ठेवून पाटी उचलून गेली.

फळ चांगलं होतं. पण दौलताबादचं ते दौलताबादचं, हे मी सासवडच्या चिंचेखाली बसूनही म्हणणारच. आमच्याकडं सीताफळ झाडावर पिकू देत नाहीत. खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होऊन सुटायला लागल्या, म्हणजे फळाचे डोळे उघडले, की उतरवून घ्यायचं. पुढचं पिकणं घरात, कुठंतरी कडब्यात नाहीतर धान्याच्या डब्यात, त्याच्या वेळेनं. सकाळी दगडासारखं असलेलं फळ दुपारी हाताला मऊ लागतं. मधे काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. घर विकायचा आमचा निर्णय अगदी असाच पिकला, आणि तोही याच दिवसांत.

त्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते. भूगोल शिकवायचे. गंगापूर, खुलताबाद, कन्नड, जिथं बदली होईल तिथल्या शाळेत भिंतीवर नकाशा टांगायचा आणि छडीचं टोक नदीवरून फिरवायचं. ब्रह्मपुत्रा इथं वळते, कावेरी इथं समुद्राला मिळते. सहावीतल्या एका मुलीनं एकदा उभं राहून विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाह्यली का ब्रह्मपुत्रा?" मी म्हटलं, नाही. "मंग कावेरी?" तीही नाही. पोरगी खाली बसली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण मी छडी टेबलावर ठेवली आणि तास संपेपर्यंत परत हातात घेतली नाही. त्या दिवसापासून नकाशासमोर उभं राहिलं की मला आपण दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू दाखवतोय असं वाटायचं.

माझे यजमान वसंतराव वाळूजला एका कारखान्यात फिटर होते. त्यांचं मूळ घर लासूर स्टेशनजवळचं, शेतीवाडीचं. आम्ही दोघांनी नोकऱ्या करून गारखेड्यात तीन खोल्या बांधल्या, वर पत्र्याची एक. त्या घरात एक मुलगी मोठी झाली, तिचं लग्न लागलं. पण त्या घराचं खरं दैवत म्हणजे नळ. चार-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि तो दिवस आमचा नसायचा. लग्नकार्य, पाहुणा, दुखणं, सगळं नळाच्या दिवसाला वळसा घालून जायचं. अशाच एका नळाच्या दिवशी, निळा ड्रम अर्धा भरलेला असताना, मी पाइप हातात धरून वसंतरावांना म्हणाले, "अहो, हे घर विकू या का?"

ते जिन्याखालची बादली सरकवत होते. म्हणाले, "आधी टाकी भरू दे."

तीन दिवस त्यांनी विषय काढला नाही. चौथ्या दिवशी जेवताना, भाकरी मोडता मोडता विचारलं, "आणि राहायचं कुठं?"

"गाडीत."

"कुठल्या?"

"घ्यायची एक. मिनीबस. आत ओटा, पलंग, पाण्याची टाकी. चालत राहायचं. सगळं विकून टाकायचं आणि तिच्यातच राहायचं."

ते हसले नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "मिनीबस आतून किती लांब असते, पाहायला पाहिजे."

तो माणूस असाच आहे. 'का' हा प्रश्न त्यांना फारसा पडत नाही. 'कसं' हा प्रश्न पडला की झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गॅरेजात जाऊन ते मापं घेऊन आले. आमच्या बैठकीतलं सगळं सामान भिंतीला सरकवलं आणि फरशीवर, माझ्याच खोक्यातल्या खडूनं, मिनीबसच्या पोटाएवढा लांबट चौकोन आखला. इथं पलंग, इथं ओटा, इथं दार.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस आपण या रेघेच्या आत राहायचं. जमलं तर बोलू."

त्या आठ दिवसांनी मला जेवढं शिकवलं तेवढं नोकरीनं शिकवलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना चौदा वेळा धडकलो. दुसऱ्या दिवशी भांडलो. मी पोळी लाटताना त्यांनी मागून जाऊ नये यावर, आणि त्यांनी वर्तमानपत्र पूर्ण उघडून वाचावं की घडी घालून, यावर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुलकर्णीकाकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि फरशीवर बसून कुकरची शिट्टी मोजणाऱ्या आम्हाला पाहून दारातच थांबल्या. "या ना, दार तिकडं आहे," मी खडूच्या रेघेतली फट दाखवली. त्या बिचाऱ्या खरंच त्या फटीतून आत आल्या!

पाचव्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत कपाट उघडायला गेले आणि दारात थबकले. खोली परकी वाटली. ते कपाट, त्यावरच्या बॅगा, बॅगांवरच्या गाद्या, कुणासाठी कधीकाळी ठेवलेली ती पितळी घंगाळं. पाच दिवस यातल्या एकाही वस्तूची आठवण झाली नव्हती. मी परत येऊन रेघेच्या आत बसले. वसंतराव घडी घातलेलं वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "काय आणलंस?"

"काहीच नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले. डोळे उघडले होते. फळ उतरवायची वेळ झाली होती.

मिनीबस घेतली आणि तिच्या आतलं काम सलीमभाईंनी केलं. पन्नाशी उलटलेले सुतार, जुन्या बाजाराजवळ त्यांचं दुकान. आयुष्यभर त्यांनी दुकानांची काउंटरं आणि लग्नातले पलंग बनवलेले. मिनीबसभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी मला विचारलं, "बाई, गाडी में घर बिठाना है, के घर कू चाक लगाना है?"

"दुसरं," मी म्हटलं.

"हौ. फिर काम मन लगा के करना पडेगा."

कपाटाचं माप घेताना त्यांनी विचारलं, कपडे किती? मी सांगितलं, दोघांचे मिळून दहा जोड. त्यांनी पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. "इत्ते तो हमारी बहू एक शादी में बदलती." आणि काम जवळजवळ होत आलं तेव्हा त्यांनी आपणहून एक गोष्ट केली. ओट्यासमोर कागदावर होती त्यापेक्षा दुप्पट रुंद खिडकी बसवून टाकली. वसंतराव रागावले, वजन वाढतं, काचेची भीती. सलीमभाई शांतपणे रंधा मारत राहिले. "भाईसाब, आप तो गाडी देखेंगे. बाई रोटी बनाते बनाते क्या देखेंगी? नक्शेवाली टीचर हैं ना? उन कू खिडकी बडी होना." आज मी हे लिहितेय तेही त्याच खिडकीपाशी बसून. गेल्या चार वर्षांत या काचेतून मला काय काय दिसलं, हे त्या माणसाला एकदा बसवून सांगायचं आहे.

वस्तू जायला लागल्या. सोफा, टीव्ही, फ्रीज, वर्षानुवर्षं न उघडलेली ताटवाट्यांची पेटी. शिलाई मशीन कुलकर्णीकाकूंच्या सुनेकडं गेलं. पुस्तकं मी औरंगपुऱ्यातल्या एका शाळेला दिली आणि परत येताना रिक्षात शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसले. पण खरं सांगते, दुःख जेवढं वाटेल म्हणून मी घाबरले होते, त्याच्या चतकोरही वाटलं नाही. प्रत्येक वस्तू दाराबाहेर पडली की घरात एक आवाज वाढायचा. शेवटी शेवटी तर नुसतं खाकरलं तरी भिंती उत्तर द्यायच्या. त्या रिकाम्या घरात जपून ठेवलेली होती ती फक्त सीताफळं, गव्हाच्या डब्यात.

मग दिवाळी आली आणि ऋता आली. आमची मुलगी. पुण्यात नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालेली. फोनवर सगळं सांगितलं होतं, तिनं 'बरं' म्हटलं होतं. पण फोनवर ऐकणं वेगळं आणि आपल्या खोलीचं दार उघडल्यावर पलंगाच्या जागी चार पायांचे डाग दिसणं वेगळं. ती तिथंच उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "आई, मी माहेरी यायचं म्हणजे कुठं यायचं?"

मी दाराची कडी चाचपत राहिले.

"सांग ना. मला कंटाळा आला, नवऱ्याशी भांडण झालं, उद्या मूल झालं, तर मी कुठं येऊ? पेट्रोल पंपावर?"

"ऋता, अगं..."

"तुला तुझं माहेर आहे अजून, आबांचं घर. साठीला आलीस तरी तुला आहे. माझं तू विकलंस."

वसंतराव स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायला लागले. भांडं हातातून निसटल्याचा आवाज आला. ऋता दुसऱ्याच दिवशी निघाली. जाताना एकच वस्तू घेतली, तिचं नाव कोरलेला स्टीलचा पेला. ती रिक्षात बसली तेव्हा मला मनापासून वाटलं, आपण चुकलो. त्या सबंध हंगामात तसं वाटलेला तो एकच दिवस, पण तो दिवस फार लांब होता.

तिचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. तीन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग फेब्रुवारीत, आम्ही दापोलीच्या खालच्या अंगाला समुद्राकाठी मुक्कामाला असताना, एका सकाळी पाठीवर बॅग घेऊन नारळीच्या वाडीतून चालत आली. न कळवता. चार दिवस राहिली. पहिले दोन दिवस नुसती झोपली, मोठ्या खिडकीखालच्या पलंगावर, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. तिसऱ्या दिवशी बापलेक दोघं गाडीखाली शिरून काहीतरी आवळत बसले होते आणि तिच्या हसण्याचा आवाज मला वर ओट्यापाशी ऐकू येत होता. निघताना मी तिला गाडीच्या पायरीवर बसवलं, कुंकू लावलं, आणि नारळ-तांदळानं तिची ओटी भरली. मागं समुद्र होता, दोन कोळणी थांबून बघत होत्या. तिनं पदर नसल्यामुळं ओढणी पसरली होती. "सगळे तांदूळ सांडणार आई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. आता तिचा फोन येतो तो एकाच प्रश्नानं सुरू होतो, "माहेर सध्या कुठंय?"

पण त्या दिवाळीत हे काही मला ठाऊक नव्हतं. आणि अजून आबांना सांगायचं राहिलं होतं.

माझे वडील, आबा, वेरूळजवळच्या गावात माझ्या धाकट्या भावाकडं असतात. आम्ही धनगर. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आबा मेंढरांमागं चालण्याएवढे झाले होते, आणि त्यानंतरही कैक वर्षं चालतच राहिले. मीही सात वर्षांची होईपर्यंत त्या चालण्यातच वाढले. घोडीच्या पाठीवर भांडी, भांड्यांवर घोंगडी, घोंगडीवर मी आणि माझ्या मांडीत नुकतं जन्मलेलं कोकरू. सुगी झाली की शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आम्हाला. मग एका मुक्कामात जवळच्या शाळेचे एक गुरुजी बिऱ्हाडावर आले, मला बाराखडी ऐकवायला लावली आणि आबांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, एका जागी राहिलात तर शिकेल. आबा राहिले. एवढंच मला माहीत होतं. आबा थांबले, म्हणून मी शाळेत बाई झाले. आणि आता मी त्यांना सांगायला निघाले होते की मी थांबणं सोडतेय.

गाडी मीच चालवत नेली. त्या पावसाळ्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी लायसन्स काढलं होतं. आबा ओट्यावर उन्हाला बसले होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले.

"घर इकलं?"

"व्हय, आबा."

"कामून?"

"फिरायचंय."

"फिरायचंय," त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "आमी फिरलो ते हौस म्हनून नाय, मंगल. पावसानं हाकललं म्हनून फिरलो. तुझ्या पाठची तापानं गेली तवा दवाखाना दोन दिसांच्या वाटंवर व्हता. तुझ्या आईनं तिला पाठीला बांधून न्हेली आन तशीच माघारी आनली. ते फिरनं मी सोडलं. तुझ्यासाठी सोडलं."

मला बहीण होती हे ठाऊक होतं. ती अशी गेली हे मला साठीच्या उंबऱ्यावर कळत होतं. मग म्हटलं, "आबा, तुम्हाला जावं लागायचं म्हणून तुम्ही जात होता. तुम्ही थांबलात म्हणून मी शिकले, नोकरी केली. आज मला पाहिजे तवा निघता येतं आणि पाहिजे तवा थांबता येतं. हे तुम्हीच दिलंय मला. मी ते मोडत नाही. वापरते."

आबांनी काठी बाजूला ठेवली.

"तू पळून चालली का जाती?"

"जाते."

"मंग एक सांगतो. थांबायचं ठरलं तवा मी सगळी मेंढरं इकली. घोडी इकली. माझ्या बापानं जिवंतपनी वाटलेली मेंढरं व्हती ती. त्यो म्हनला, कळप मोडून भिंतीत जाऊन बसला. तीन साल त्यानं माझं तोंड पाह्यलं नाय." त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "लई लागतं ते. मी तसं करनार नाय."

म्हणजे सगळं विकून निघालेली आमच्या घरातली मी पहिली नव्हते. आबांनी ते माझ्याआधी केलं होतं, उलट्या दिशेनं, आणि माझ्यापेक्षा किती तरी जास्त धाडसानं. मी त्यांचा हात धरला. तो झटकून ते उठले.

"गाडी दाव."

गाडीभोवती ते सावकाश फिरले. चाकांवर काठी मारून पाहिली, वाकून खालचं पोट पाहिलं. पाणी किती मावतं, धूर कुठून जातो, वारा कुठून येतो, सगळं विचारलं. दारापाशी थांबून मान हलवली. "दार डाव्या अंगाला. उगवतीला दार पायजे तर गाडीचं त्वांड दक्षिनंला ठिवत जा. आन वढ्याच्या पात्रात कधी मुक्काम करू नको, आभाळ कितीबी कोरडं असू दे." वसंतरावांनी वही काढून ते लिहून घेतलं. सरकारी कागदावर पत्ता कुठला टाकायचा हा एक प्रश्न उरला होता, तोही आबांनीच निकालात काढला. "हितला टाका. टपाल आलं तर मी संभाळून ठिवीन. मला तरी दुसरं काय काम हाय?"

कार्तिकाच्या अखेरीस आम्ही निघालो. घर घेतलेलं जोडपं तरुण होतं, बायको भिंतीला हात लावून लावून बघत होती. मी किल्ली दिली आणि तिला नळाचा दिवस सांगितला. रस्त्यावर आल्यावर मागं वळून बघावंसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण गाडी सुरू करायची होती, आरशात रिक्षा होती, समोर हातगाडी होती. बघायचं राहूनच गेलं.

भाऊ आबांना दौलताबादला घेऊन आला होता. पहिल्या मुक्कामापर्यंत ते येणार, मग तो येऊन परत नेणार, असं ठरलं होतं. आबा माझ्या शेजारच्या सीटवर बसले, वसंतराव मागं, ओट्याला धरून, भांडी वाजतात का ते ऐकत. दौलताबादचा घाट लागला. दोन्ही बाजूंना गवत पिवळं पडत होतं, ऊन कोवळं होतं. वळणावर मी गिअर टाकला, गाडी जरा कण्हली आणि मग चढायला लागली. या वाटेनं आबा पायी गेले होते, मी घोडीवर बसून गेले होते, नोकरीत कितीदा तरी बसमध्ये उभी राहून गेले होते. आज चाक माझ्या हातात होतं आणि मागून आमचं सगळंच्या सगळं घर चढत येत होतं. मला गावंसं वाटलं. गळा नाही म्हणून हॉर्न वाजवला. आबा दचकले, मग तोंडाचं बोळकं पसरून हसले. "अजून एकडाव वाजीव," म्हणाले. मी वाजवला. घाट संपेपर्यंत वाजवत राहिले.

वेरूळच्या पुढं आबांनी एक रान दाखवलं. कडेला बाभळी, जवळ विहीर, जमीन किंचित उंच. मी गाडी उभी केली, तोंड दक्षिणेला. शेताचा मालक बांधावरून चालत आला. चाळिशीचा असेल. गाडी बघून बुचकळ्यात पडला होता, पण आबांचा फेटा पाहून त्याचा चेहरा सैल झाला.

"राम राम, बाबा. काय पाहुणे?"

"राम राम. बिऱ्हाड हाय. रानात बसू का?"

"बसा की. पानी घ्या हिरीचं." तो गाडीकडं, वसंतरावांकडं, मग परत आबांकडं पाहत म्हणाला, "किती दिस बसनार?"

हा प्रश्न बिऱ्हाडाच्या कारभाऱ्याला विचारतात. माझ्या लहानपणी तो नेहमी आबांनाच विचारला जायचा आणि उत्तर त्यांनीच द्यायचं असायचं. आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान माझ्याकडं वळवली.

"तिला इचारा. बिऱ्हाड तिचं हाय."

मी चाकावरून हात काढले, खाली उतरले, त्या माणसाला नमस्कार केला आणि म्हटलं, "दोन दिवस. परवा उजाडलं की निघणार."